शब्द लागतो, म्हणजे नेमका कुठे लागतो?

मराठीत माणसाला काय काय लागते! ठेच लागते, ऊन लागते, भूक लागते, उचकी लागते, तान्ह्या बाळाला दृष्ट लागते. आणि शब्दही लागतो. बाकीच्या लागण्यांना शरीरात काहीतरी ठावठिकाणा असतो. ठेच अंगठ्याला, ऊन डोक्याला, भूक पोटाला. शब्द कुठे लागतो असे विचारले तर मात्र आपण 'जिव्हारी' एवढे मोघम उत्तर देतो आणि गप्प बसतो. जिव्हार हा अवयव शरीरशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात सापडत नाही.

गेली वीस वर्षे मला या जिव्हाराचा पत्ता शोधण्याचा नाद लागला आहे. मी डॉक्टर नाही, मानसशास्त्राचा प्राध्यापक नाही. आयुष्यभर बँकेत आकडे जुळवले आणि निवृत्त झालो. पण या शोधाचे कारण माझ्या घरातच घडले. तीन पिढ्यांत मिळून घडले. आणि त्यात एक चूक माझीही आहे. म्हणून हे लिहायचे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, सांगली जिल्ह्यातल्या एका गावात शिक्षक होते. पस्तीस वर्षे त्यांनी मुलांकडून पाढे घोटून घेतले. कडक शिस्तीचा, मोजके बोलणारा माणूस. त्यांच्या तोंडून कधी वावगा शब्द आम्ही ऐकला नाही. आम्हा भावंडांपैकी कोणी बाहेरून एखादी शिवी उचलून आणली, तर त्या दिवशी त्याचे जेवण ओसरीवर आणि तेही सर्वांचे झाल्यावर. २००४ साली, ७४ व्या वर्षी, अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, आणि वाचाही गेली. समोरच्याचे बोलणे बरेचसे कळत होते. नजर स्वच्छ होती. पण बोलायला गेले की तोंडातून एखादा अर्धामुर्धा आवाज निघायचा. 'पाणी' एवढा शब्द उच्चारण्यासाठी हा शिक्षक माणूस घामाघूम व्हायचा आणि अखेर भिंतीकडे तोंड फिरवायचा.

आठव्या दिवशी वॉर्डमध्ये जेवणाची गाडी ढकलत मावशी आल्या. गाडीचे चाक खुर्चीत बसलेल्या अण्णांच्या डाव्या पायाच्या अंगठ्यावरून गेले. आणि अण्णा बोलले. खणखणीत, स्वच्छ, एकही अक्षर न अडखळता. जे बोलले ते रविवारच्या पुरवणीत छापण्याजोगे नाही. त्यांच्या लहानपणी गावच्या मळ्यात बैल हाकताना गडीमाणसे जे बोलत असतील, त्यातलेच ते असावे. आईने पदर तोंडाला लावला. "अगं बाई, हे यांच्यात होतं तरी कुठं?" असे ती पुटपुटली. मावशी मात्र खूश झाल्या. "बोललं की आजोबा!" म्हणाल्या.

दुपारी मेंदूविकारांचे डॉक्टर आले. आम्ही ओशाळून प्रकार सांगितला. ते हसले. "लाज वाटून घेऊ नका," ते म्हणाले, "हे असं होतं. बोलणं आणि शिवी यांची मेंदूत एकच खोली नसते." मग त्यांनी अण्णांसमोर चार बोटे धरून 'किती?' असे विचारले. अण्णांना 'चार' म्हणता येईना. ओठ हलत, शब्द येत नव्हता. डॉक्टरांनी मला खूण केली. मी लहानपणीच्या चालीत सुरुवात केली, "बे एके बे..." आणि अण्णांचा आवाज माझ्या आवाजात मिसळला, "बे दुणे चार." तिथे ते थांबले. चार सापडला होता. थेट त्या पायरीवर पाय टाकता येत नव्हता, पण खालून जिना चढत गेले की ती पायरी बरोबर पायाखाली येत होती.

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी मला एक गोष्ट सांगितली. पुढे मी ती पुस्तकांतून पडताळून पाहिली. १८६१ साली पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकाकडे लेबोर्न्य नावाचा रोगी आला. त्याची वाचा वीसेक वर्षांपूर्वी गेली होती. काहीही विचारा, त्याचे उत्तर एकच, 'तान, तान'. त्यामुळे रुग्णालयात त्याचे नावच 'तान' पडले होते. तो काही दिवसांतच वारला. ब्रोकांनी त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या अर्धगोलाच्या पुढच्या भागात इजा आढळली. बोलण्याच्या क्षमतेला मेंदूत विशिष्ट जागा आहे, याचा तो पहिला भक्कम पुरावा मानला गेला. त्या भागाला आजही ब्रोकांचेच नाव आहे. पण या गोष्टीतला एक तपशील पाठ्यपुस्तकांत सहसा मागे पडतो. हा 'तान' चिडला की त्याच्या तोंडून एक अख्खी फ्रेंच शिवी बाहेर पडे, देवाचे नाव घेणारी. बाकी भाषा गेली, तरी शिवी राहिली होती.

पुढे लंडनमध्ये जॉन ह्यूलिंग्स जॅक्सन या डॉक्टरांनी याच गोष्टीवर बोट ठेवले. त्यांचे म्हणणे असे की, माणसाच्या बोलण्याचे दोन प्रकार आहेत. एक जुळवलेले बोलणे. त्यात आपण विचार करतो, शब्द निवडतो, वाक्य बांधतो. दुसरे आपोआप निघणारे बोलणे. उद्गार, शिव्या, पाठ केलेले स्तोत्र, अंकांची माळ, 'अरे देवा'. पहिले बोलणे बहुतेक माणसांत मेंदूच्या डाव्या बाजूवर फार अवलंबून असते. तिथे घाव बसला की ते जाते. दुसऱ्या बोलण्याला उजव्या बाजूचा आणि मेंदूच्या खोल, जुन्या भागांचा आधार असतो, असे आजही मानले जाते. म्हणून ते वाचते. अण्णांची शिवी आणि अण्णांचा बेचा पाढा या दुसऱ्या कोठारातले होते.

हा झाला बोलण्याचा भाग. ऐकणाऱ्याचे काय? शब्द लागतो तो ऐकणाऱ्याला. आणि इथे मला माझी स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे.

१९७८ साली मी बारावीला गणितात नापास झालो. गणिताच्या मास्तरांचा मुलगा गणितात नापास! निकालाच्या दिवशी सोप्यात मामा, शेजारचे काका अशी चार माणसे बसली होती. अण्णांनी मारले नाही की ओरडा केला नाही. गुणपत्रिका घडी करून परत हातात दिली आणि म्हणाले, "करंटा आहेस." दोनच शब्द. ऑक्टोबरला मी पास झालो, बी.कॉम. केले, बँकेत लागलो, घर बांधले. त्या गोष्टीला पंचेचाळीसहून अधिक वर्षे झाली. तरी आजही कुठल्या लेखात, कीर्तनात, नाटकात 'करंटा' हा शब्द आला की माझे कान तापतात. आधी कान तापतात आणि मग ध्यानात येते की कोणता शब्द होता.

हा क्रम मला फार दिवस माझा भ्रम वाटत होता. तो भ्रम नाही. वाचताना मेंदूतल्या विजेच्या हालचाली टिपणारे प्रयोग जर्मनीत योहाना किस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले आणि २००७ साली प्रसिद्ध केले. भावनेने भारलेला शब्द आणि साधा शब्द यांतला फरक मेंदू पाव सेकंदाच्या आसपासच नोंदवतो, असे त्यांना दिसले. 'खुर्ची' आणि 'खून' हे दोन शब्द आपण सारख्याच निवांतपणे वाचतो असे आपल्याला वाटते. मेंदूला तसे वाटत नाही.

या घाईचा एक मोठा सूत्रधार म्हणजे अमिग्डाला. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ बदाम. कानांच्या पातळीवर, मेंदूत आत, दोन्ही बाजूंना एकेक असे हे बदामाएवढे दोन पुंजके. 'हे भीतीचे केंद्र' असे पूर्वी सरधोपट म्हटले जायचे. खरे तर धोक्याची असो वा आनंदाची, 'ही गोष्ट तुझ्यासाठी महत्त्वाची आहे, इकडे बघ' अशी हाक देण्याचे त्याचे काम आहे. २००१ साली अमेरिकेत अॅडम अँडरसन आणि एलिझाबेथ फेल्प्स यांनी एक सुरेख प्रयोग केला. पडद्यावर शब्द इतक्या भराभर दाखवायचे की एक शब्द पकडण्याच्या नादात लगेच पुढचा निसटून जावा. साधे शब्द असे निसटतात. पण शब्द भावनेचा असेल तर तो बहुतेकांच्या नजरेला सापडतोच. गर्दीतून ओळखीचा चेहरा दिसावा तसा. डाव्या बाजूच्या अमिग्डालाला इजा झालेल्या रोग्यांमध्ये मात्र हा फरक उरला नव्हता. त्यांना शब्दांचे अर्थ ठाऊक होते, पण तो शब्द गर्दीतून हात वर करून उभा राहत नव्हता.

तेव्हा 'जिव्हारी'चा पत्ता असा एका ओळीत लिहिता येत नाही. त्यात मेंदूतला हा बदाम आहे, धडधडणारे हृदय आहे, घाम सोडणारी बोटे आहेत, आणि माझे कान आहेत. शब्दकोशात करंटा म्हणजे दुर्दैवी, अभागी. माझ्या शरीरात करंटा म्हणजे सोप्यातली चार माणसे, घडी केलेला कागद आणि अण्णांचा खाली गेलेला आवाज.

इथवर वाचून वाचक म्हणतील की, यात नवल काय? आईबापांचे बोलणे लागतेच. मलाही तसेच वाटत होते. त्यामुळे माझा मुलगा मोठा होत असताना मी एक शहाणपणा केला. अण्णांचा शब्द मी कधीच वापरला नाही. करंटा नाही, कपाळकरंटा नाही, 'लाज वाटत नाही का' नाही. रागावायचेच झाले तर इंग्रजीत रागावायचे. बँकेत साहेब आमच्यावर इंग्रजीत डाफरायचे आणि संध्याकाळपर्यंत आम्ही ते विसरून जायचो. इंग्रजी ही माझ्या लेखी सांडशी होती. गरम भांडे उतरवायचे, पण हात भाजू द्यायचा नाही.

आपण सारेच ही सांडशी वापरतो. घरात कोणी वारले की फोनवर 'एक्स्पायर झाले' म्हणतो. प्रेताला 'बॉडी' म्हणतो. मुलीला पाळी आली हे सांगण्यासाठी आईला 'पिरियड्स' हा शब्द सोयीचा वाटतो. मराठी शब्द नाहीत म्हणून नव्हे. ते आहेत आणि फार गरम आहेत म्हणून.

याला शास्त्राचाही आधार आहे. बोस्टन विद्यापीठातल्या कॅथरीन हॅरिस यांनी दोन सहकाऱ्यांसह २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. मातृभाषा तुर्की आणि इंग्रजी मागाहून शिकलेली अशी माणसे त्यांनी निवडली. त्यांच्या बोटांना तारा जोडल्या. भावना उचंबळली की बोटांना अगदी सूक्ष्म घाम येतो आणि त्वचेतून वीज किंचित सहज वाहते. हे यंत्राला कळते, आपल्याला कळत नाही. मग त्यांना दोन्ही भाषांतले शब्द ऐकवले आणि दाखवले. साधे शब्द, गोड शब्द, शिव्या, आणि लहानपणी आईबाप ज्या शब्दांत रागावतात ती वाक्ये, आपल्याकडच्या 'लाज नाही वाटत?'च्या जातीची. शिव्यांनी दोन्ही भाषांत बोटे ओलावली, पण तुर्कीत अधिक. रागावण्याच्या वाक्यांचा फरक तर ढळढळीत होता. तुर्कीत ती वाक्ये जिव्हारी लागत होती, इंग्रजीत वरवरून जात होती. अर्थ तोच होता, पण ते अर्थ कळताना समोर आई उभी नव्हती.

हे वाचले तेव्हा मला माझ्या शहाणपणाची पावती मिळाल्यासारखे वाटले. सांडशी बरोबर होती तर!

मग मागच्या दिवाळीत ती गोष्ट घडली. मुलगा, सून आणि चार वर्षांची नात घरी आली होती. नातीने रांगोळीच्या डब्या पालथ्या घातल्या. लाल, हिरवा, पिवळा, सगळा रंग एक झाला. मला हसूच येत होते. लटक्या रागाने मी म्हणालो, "काय गं, अगदी यूजलेस आहेस की तू!" नातीने माझ्याकडे पाहून दात दाखवले. पण मुलगा उठून उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता. "बाबा," तो हलक्या आवाजात म्हणाला, "तिला काहीही बोला. मराठीत चार शिव्या द्या हवं तर. पण तो शब्द नको."

रात्री अंगणात त्याने सांगितले. तो दहावीत असताना पूर्वपरीक्षेचे गुण पाहून मी त्याला म्हणालो होतो, "यू आर यूजलेस." मला हे आठवतसुद्धा नव्हते. त्याला त्या दिवशीचा माझा शर्ट आठवत होता. आता तो ३५ वर्षांचा आहे. कंपनीत बैठकीत कोणी एखाद्या यंत्राला, एखाद्या कागदाला यूजलेस म्हटले, तरी क्षणभर त्याच्या पोटात खड्डा पडतो, असे तो म्हणाला.

मी हिशेब कुठे चुकलो, हे कळायला बँकेतला अनुभव लागत नव्हता. माझ्यासाठी इंग्रजी ही ऑफिसची भाषा. त्याच्यासाठी ती बालवाडीपासूनची. मीच त्याला त्या शाळेत घातले होते, फीची पावती माझ्या नावाची होती. त्याची पहिली शाबासकी इंग्रजीत, पहिली शिक्षा इंग्रजीत, मित्रांशी पहिले भांडण इंग्रजीत. हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे पुढचे काम मी तेव्हा वाचलेच नव्हते. अमेरिकेत वाढलेल्या, घरी स्पॅनिश आणि बाहेर इंग्रजी असे लहानपणापासून बोलणाऱ्या लोकांवर त्यांनी तोच प्रयोग केला. त्यांची बोटे दोन्ही भाषांत सारखीच ओलावली. तेव्हा मातृभाषेत काही जादू नाही. जी भाषा कोवळ्या वयात, माणसांच्या रागालोभासकट अंगात मुरते, ती लागते. सांडशी माझ्या हातात होती. भांडे मात्र त्याच्या उघड्या हातात दिले होते.

आमच्या पिढीतले वाचक आता म्हणतील, आम्ही काय कमी बोलणी खाल्ली? छड्या खाल्ल्या, शिव्या खाल्ल्या, काही बिघडले नाही. ही आजची मुले फार नाजूक. मीही हे वाक्य पुष्कळदा म्हटले आहे. आता म्हणवत नाही, कारण 'करंटा' ऐकून तापणारे माझे कान मला खोटे पाडतात. बिघडले नाही, हे खरे. पण लागले, हेही तितकेच खरे. ते लागलेले आपण चारचौघांत दाखवले नाही, एवढाच काय तो आपला टणकपणा.

याचा अर्थ घरात सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावून बसावे, असा मुळीच नाही. रागाच्या शब्दाचेही काम असते. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठात रिचर्ड स्टीफन्स यांनी २००९ साली विद्यार्थ्यांना बर्फगार पाण्यात हात बुडवून ठेवायला सांगितले. ज्यांना त्या वेळी शिवी घोकायला दिली होती, ते साधा शब्द घोकणाऱ्यांपेक्षा अधिक वेळ तग धरून राहिले. मात्र दोन वर्षांनी याच अभ्यासाच्या पुढच्या भागात असे दिसले की, रोज ऊठसूट शिव्या देणाऱ्यांना हा फायदा फारसा मिळत नाही. तलवार रोज भाजी चिरायला घेतली की लढाईच्या दिवशी बोथट निघते. आमच्या अण्णांनी आयुष्यभर एकच जपून ठेवली होती. त्या दिवशी तिने अंगठ्याची कळ किती शमवली, ते त्यांनाच ठाऊक.

आणि शब्दांनी लागलेले शब्दांनी उतरवताही येते. लॉस एंजेलिसमध्ये मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली असे दाखवले की, रागावलेला किंवा घाबरलेला चेहरा नुसता पाहण्याऐवजी 'हा राग आहे', 'ही भीती आहे' असे त्याला नाव दिले, तर त्या बदामाची खळबळ कमी होते आणि मेंदूच्या पुढच्या भागाचे, म्हणजे विचार करून आवर घालणाऱ्या भागाचे, काम वाढते. आपल्या आज्या रडणाऱ्या नातवाला मांडीवर घेऊन 'काय झालं? भ्यायलास होय रे?' असे म्हणत. त्या उपदेश करत नसत, भीतीला फक्त नाव देत. 'मुलगा असून रडतोस?' म्हणणारे आम्ही पुरुष तिथेच चुकत होतो.

एवढे सगळे वाचून माझे मत एका गोष्टीवर ठाम झाले आहे. भावनेच्या शब्दाचे वजन बोलणाऱ्याच्या काट्यावर करायचे नसते. ते ऐकणाऱ्याच्या काट्यावर करायचे. मला तो शब्द हलका वाटतो, म्हणून तो हलका होत नाही. आणि मला तो जड वाटतो, म्हणून समोरच्यापर्यंत तो जड होऊन पोचेलच असेही नाही.

हे फक्त रागावण्यापुरते नाही. रुग्णालयात एखाद्या सत्तरीच्या बाईला 'प्रोग्नॉसिस गुड नाही' असे सांगून डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळतात. त्यांनी ते सांडशीने उचलले. पण त्या बाईच्या हातात काहीच आले नाही. लागलेही नाही आणि कळलेही नाही. तिला तिच्या भाषेत, शेजारी बसून सांगायला हवे. तसे सांगताना डॉक्टरांचे हात भाजतील. भाजू देत. तो त्या कामाचाच भाग आहे. उलट, परदेशात वाढणाऱ्या नातवाला आजी फोनवर 'गुणाचं माझं बाळ ते' म्हणते आणि तो नुसता 'हाय आजी' म्हणतो, तेव्हा तिने खट्टू होऊ नये. तिचा शब्द त्याच्या अंगात मुरलेलाच नाही. तो मुरवायचा असेल, तर तो शब्द त्याला मांडीवर घेऊन, घास भरवत, पडल्यावर फुंकर घालत म्हणावा लागेल. शनिवारच्या मराठी वर्गात त्याचा अर्थ पाठ करून घेऊन भागणार नाही. भाषा वाचवण्याच्या आपल्याकडे पुष्कळ सभा होतात. त्यांत व्याकरणाची, पाट्यांची, अनुदानाची चर्चा होते. मराठीत मुलांचे लाड किती होतात, याची चर्चा झालेली मी ऐकलेली नाही.

अण्णांचे राहिले. घरी आणल्यावर डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी रोज संध्याकाळी त्यांच्याबरोबर पाढे म्हणत असे. एके दिवशी सतराच्या पाढ्यात मी अडखळलो. मुद्दाम नव्हे, खरोखरच. सतरा साते किती, ते मला, बँकेतल्या अधिकाऱ्याला, आठवेना. अण्णांनी डाव्या हाताने खाटेवर टकटक केले आणि स्वच्छ म्हणाले, "एकोणीसाशे." तो आमचा जुना उच्चार, म्हणजे एकशे एकोणीस. मी पुढचा पाढा न चुकता पुरा केला. आणि अण्णा म्हणाले, "शाब्बास."

डॉक्टरांना विचारले असते तर ते म्हणाले असते की, हेही आपोआप निघणारे बोलणे. पाढा पुरा झाला की शाब्बास, ही पस्तीस वर्षांची सवय. हजारो मुलांना दिलेला शब्द. त्यात तुम्ही कोण, मुलगा की आणखी कोणी, याचा काही संबंध नसेलही. शास्त्र म्हणून मला हे मान्य आहे. पण मी त्या शब्दाची वाट १९७८ पासून पाहत होतो. अण्णा गेल्याला आता बरीच वर्षे झाली. आजही कुठे 'शाब्बास' ऐकले की माझे कान तापतात, पण ते तापणे वेगळे असते.

दिवाळीच्या त्या रात्री अंगणात मुलासमोर मी बराच वेळ गप्प होतो. 'सॉरी' म्हणावे की 'चुकलं माझं' म्हणावे, हे ठरत नव्हते. 'सॉरी' माझ्या काट्यावर फार हलके भरत होते. बसमध्ये धक्का लागला की म्हणायचा तो शब्द. शेवटी मी दोन्ही म्हणालो. आधी त्याच्या भाषेतले आणि मग माझ्या. पहिल्या शब्दाला त्याने मान डोलावली. दुसऱ्याला मात्र तो एकदम गडबडला आणि "अहो बाबा, राहू द्या ना," म्हणत उठून पणतीत तेल घालायला गेला. त्याने पाठ फिरवली होती. तेल घालायला त्याला जरा जास्तच वेळ लागला.